लॅमिनेशन केलेला पास

आमच्या ह्यांचा जगात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास होता: रेल्वेचा पास आणि लॅमिनेशन. बायकोचा नंबर त्यानंतर, आणि तोही वेटिंगमध्ये.

ह्यांची नोकरी मुंबईला, घर नाशिकरोडला. सकाळी आमच्या स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीने जायचं, रात्री परतायचं. सगळी नोकरी ह्यांनी मासिक पासावर केली. त्या गाडीत पासधारकांचा एक वेगळा डबा होता. कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं, मोठ्याने बोलायचं नाही, फोनवर गाणी लावायची नाहीत. दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं, कोणाच्या मुलीला नोकरी लागली की पेढे फिरायचे, कोणी रिटायर झालं की शाल आणि नारळ. ह्यांच्या पन्नाशीचा केकसुद्धा त्या डब्यातच कापला गेला. रात्री घरी माझ्यासाठी क्रीम लागलेला पुठ्ठा आला. ह्यांना पोहे आवडत नाहीत हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी समजलं, तेही डब्यातल्या एका गृहस्थांकडून. घरी बिचारे निमूट खायचे.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लिपिक होते. आमचा प्रवास तो केवढा, कॉलनीपासून चिमणीपर्यंत. मला कधी कुठे गाडीने जायची वेळ येत नसे. एकदाच मुंबईला डॉक्टरांना दाखवायचं होतं, तेव्हा वाटलं, चला, या निमित्ताने नवऱ्याशेजारी बसून घाट पाहू. तर ह्यांनी मला चार डबे मागे नेलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि स्वतः आपल्या डब्याकडे निघाले.

"तुझ्याकडे तिकीट आहे. तो पासवाल्यांचा डबा," म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

कसाऱ्याचा घाट मी एका अनोळखी बाईचं रडकं बाळ मांडीवर घेऊन पाहिला. त्या दिवशी मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, की एकदा तरी मला तुमच्याबरोबर एकाच डब्यात, खिडकीशी, शेजारी बसून लांबचा प्रवास करायचाय. आणि तुम्ही जागे असायला हवेत. ही शेवटची अट मी मुद्दाम घातली होती, कारण गाडी हलली की ह्यांना झोप लागते, हे सगळ्या पासधारकांना ठाऊक होतं. नाशिकरोड सुटलं की डोळे मिटायचे ते कल्याणला उघडायचे.

"रिटायर झालो की जाऊ," हे म्हणाले. नोकरदार माणसं बायकोच्या सगळ्या इच्छा याच एका पेटीत टाकतात. पण ह्यांनी खरंच शब्द पाळला. कॉलेज रोडवरच्या एका प्रवास कंपनीत गेलो, तर तिथल्या मुलीने सांगितलं की युरोपात गाड्यांसाठी पास मिळतो. एकच पास, ठरावीक दिवस, वाटेल त्या गाडीत बसा. 'पास' हा शब्द ऐकला आणि ह्यांचा चेहरा असा उजळला, की आमच्या लग्नाच्या फोटोतही तो तसा दिसत नाही.

मुलगी फार नीट समजावून सांगत होती. पासावर दहा चौकोन छापलेले असतात. ज्या दिवशी प्रवास करायचा, त्या दिवशी गाडीत चढायच्या आधी एका चौकोनात पेनाने तारीख लिहायची. न लिहिता चढलात तर दंड. मी ऐकत होते. हे भिंतीवरचा नकाशा बघत होते.

"काका, लक्षात राहील ना?"

"बाळ, मला पास नको शिकवू," हे म्हणाले. "माझे केस पासावर पांढरे झालेत."

पास आले, ते कागदाचे आले. दोन जाडसर कागद, एकावर ह्यांचं नाव, एकावर माझं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांचे चार पासधारक मित्र पास बघायला घरी आले. मुलगी बघायला यावं तसे एका रांगेत सोफ्यावर बसले. पास हातोहात फिरला. मी चहा दिला, चिवडा दिला.

त्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठांनी चष्मा वर करून विचारलं, "डबा कुठला?"

"कुठलाही. कुठेही बसायचं," हे म्हणाले.

चौघेही सोफ्यावर पुढे सरकून बसले. कुठेही बसायचं म्हणजे काय? मग ओळख कशी होणार? एखादा दिवस माणूस आला नाही तर कळणार कोणाला? त्यांना त्या युरोपातल्या लोकांची खरोखर काळजी वाटली. निघताना एकाने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जाताय तर जरा शिस्त लावून या."

आणि सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते, तर हे पास घेऊन लॅमिनेशनला गेलेले.

आमच्या घरात जे जे कागदाचं, ते ते लॅमिनेट झालेलं आहे. आधार कार्ड, मुलाच्या मार्कशीट, माझ्या सासऱ्यांचा दाखला, आमची लग्नपत्रिका, एवढंच काय, मिक्सरच्या वॉरंटीचा कागद. मिक्सर गेला, कागद अजून चकाकतोय. ह्यांचं म्हणणं, इगतपुरीच्या पावसात एकदा पास भिजून लगदा झाला आणि टीसीने बिनतिकीट म्हणून धरलं, तेव्हा भर डब्यात मान खाली गेली. तेव्हापासून प्लास्टिक. स्टेशनच्या रस्त्यावरचा लॅमिनेशनवाला ह्यांना बघूनच मशीन गरम करायला ठेवतो.

माझा पास वाचला, कारण तो माझ्या पर्समध्ये होता आणि मी आदल्या रात्रीपासून ह्यांच्याशी बोलत नव्हते. मित्रांनी मला न विचारता मार्ग ठरवला होता, म्हणून. ह्यांनी परत येऊन पर्स मागितली, मी दिली नाही. "त्यावर तारीख लिहायचीय," एवढंच बोलले. हे म्हणाले, "वरून लिहू." माणूस ज्या विषयात पंडित असतो त्या विषयात त्याच्याशी बोलू नये, असं मला तेव्हा वाटलं आणि मी गप्प बसले. कॉलनीतल्या बुद्धविहारात सगळ्यांनी फुलं आणि खीर देऊन निरोप दिला. ह्यांनी तिथेही पास दाखवला. ट्यूबलाइटखाली तो चमकत होता.

स्वित्झर्लंडमधल्या पहिल्या सकाळी आम्ही गाडी सुटायच्या किती आधी स्टेशनावर पोचलो हे सांगायला मला लाज वाटते. फलाट झाडलेला, रिकामा. हे पुढे-मागे चालून डबा नेमका कुठे थांबेल याचा अंदाज घेत होते. खांद्यावर टॉवेल होता. गाडी आली. हे चालत्या गाडीबरोबर पळाले आणि खिडकीतून टॉवेल टाकायला गेले, तर तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. टॉवेल काचेवर आपटून खाली पडला. आतल्या एका आजीबाईंनी दचकून छातीवर हात ठेवला. दार उघडल्यावर हे आत घुसले आणि त्यांनी चार सीटांवर टॉवेल, रुमाल, टोपी आणि माझी शाल अशी पसरली. अख्ख्या डब्यात आम्ही दोघं आणि ती आजीबाई.

मी माझ्या पासावर, प्रवास कंपनीतल्या मुलीने सांगितल्याप्रमाणे, फलाटावरच तारीख लिहिली होती. ह्यांनी त्यांच्या पासावर नुसतं पेन फिरवलं होतं. उमटलं की नाही हे बघायची तसदी घेतली नव्हती.

तिकीट तपासनीस आला. उंच, तरुण, हसतमुख. ह्यांनी खिशातून पासाचा एक कोपरा दोन बोटांनी वर काढला, "जय भीम साहेब. पास," म्हणाले आणि पुन्हा आत सरकवला. पासधारक असाच पास दाखवतो. पूर्ण काढून दाखवणं हे तिकीटवाल्यांचं काम. त्या मुलाने हात पुढेच ठेवला. नाइलाजाने ह्यांनी पास दिला.

त्याने पास उलटला, सुलटा केला, टिचकी मारून पाहिली. मग माझा पास घेतला, त्यावर शिक्का मारला आणि माझे आभार मानून परत दिला. ह्यांना म्हणाला, तारीख कुठे आहे?

"लिहिलीय," हे म्हणाले.

नव्हती. त्याने स्वतःचं पेन दिलं. पेन घसरलं. दुसरं दिलं, तेही घसरलं. आजीबाईंनी पर्समधून एक दिलं. शेवटी त्याने कुठून तरी जाड मार्कर आणला. मार्करने तारीख उमटली, झकास उमटली. ह्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्या मुलाने अंगठा घेतला आणि तारखेवरून फिरवला. तारीख गेली. त्याने पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे हा पास तुम्ही कायम वापरू शकता," तो म्हणाला.

"अरे वा," हे म्हणाले, "मग चांगलंच की!"

माझं कपाळ मी तेव्हाच धरलं. पुढच्या स्टेशनावर आम्हाला उतरायला सांगण्यात आलं. म्हणजे ह्यांना. माझ्याकडे वळून तो मुलगा अदबीने म्हणाला, मॅडम, तुमचा पास ठीक आहे, तुम्ही प्रवास चालू ठेवू शकता. मी काही क्षण खिडकीकडे बघितलं. लांबवर बर्फाचे डोंगर दिसायला लागले होते. हे हातात टॉवेल घेऊन दारात उभे, आणि माझ्या डोक्यात आलं, आज हे फलाटावर आणि मी गाडीत. खोटं कशाला बोलू, मला तो विचार फार आवडला. तरी उतरले, कारण पासपोर्ट ह्यांच्या पिशवीत होते.

स्टेशनच्या ऑफिसात एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, डोळ्यांवर साखळी लावलेला चष्मा. त्यांनी नियमांची फाइल काढली. फाटलेला पास, भिजलेला पास, हरवलेला पास, सगळ्यांची सोय त्यात होती. लॅमिनेट केलेल्या पासाबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण युरोपात आजवर कोणाला तसं करावंसं वाटलंच नव्हतं. त्यांनी वरच्या ऑफिसला फोन केला. वरच्यांनी आणखी वरच्यांना केला. आम्ही बाकावर बसून राहिलो. मी चिवड्याचा डबा उघडला, बाईंना दिला. त्यांनी एकेक शेंगदाणा निवडून खाल्ला.

मी ह्यांना म्हटलं, "साधं तिकीट काढा ना आजच्यापुरतं."

"पास असताना तिकीट?" हे म्हणाले. मी जणू त्यांना दुसरं लग्न करायला सांगत होते. "मी तिकीट काढणार नाही. तू जा. मी इथे बसतो."

"इथे बसता? या बाकावर? मी इतकी वर्षं कशासाठी थांबले? नाशकातही तुम्ही एकीकडे आणि मी एकीकडे, इथेही तेच करायचं होतं तर मी विमानात तीन वेळा ओकले कशाला?"

बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी फाइल मिटली आणि ह्यांच्याकडे फार कडक नजरेने पाहिलं. तेवढ्यात वरून निरोप आला. प्लास्टिक निघत असेल, आणि खालचा कागद शाबूत असेल, तर पास चालेल. जेवढे चौकोन शाबूत, तेवढे दिवस.

आता हे कामाला लागले. त्यांनी थेट नाशिकरोडच्या लॅमिनेशनवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती, तो डबा खात होता. ह्यांनी फोन टेबलावर टेकवून ठेवला. बाई आणि त्यांचे दोन सहकारी तज्ज्ञाचा सल्ला ऐकायला पुढे वाकले.

"काय राव, हे काढायचं कसं?" ह्यांनी पास दाखवला.

"काका, लावायचं काम आपलं," तो घास गिळून म्हणाला. "काढायला आजवर कोणी सांगितलंच नाय. आन् निघणार पण नाय. ग्यारंटी हाय आपली."

"तो काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

"तो म्हणतो, काम उत्तम झालंय," हे म्हणाले.

समोरच्या हॉटेलातून हेअर ड्रायर आला. एका सहकाऱ्याने ड्रायर धरला, दुसऱ्याने कोपरा धरला, बाईंनी कात्री घेतली. हे मध्ये उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. एक गाडी आली आणि गेली, तिकडे कोणी बघितलंही नाही. फोनवरून लॅमिनेशनवाला त्वेषाने ओरडत होता, "नाय निघत काका, लिहून घ्या माझ्याकडून!" आणि मग चर्र आवाज होऊन प्लास्टिक उचललं गेलं. त्याच्याबरोबर एक चौकोन उचलला गेला, मग दुसरा, मग तिसरा. छपाई प्लास्टिकला चिकटून वर आणि खाली नुसता पांढरा, केसाळ कागद. मी मोजायचं सोडून दिलं. शेवटच्या टोकाशी बाईंनी श्वास रोखून कात्रीच्या पात्याने हळूच फट पाडली, आणि एक चौकोन, फक्त एक, जसाच्या तसा खाली राहिला.

लॅमिनेशनवाल्याचा चेहरा पडला. त्याने फोन कापला.

एक चौकोन म्हणजे एक दिवस. बाकीचे दिवस मी जाऊ शकत होते, हे नाही. बाईंनी पेन पुढे केलं आणि विचारलं, आजची तारीख घालता?

"नको," हे म्हणाले. "एकच आहे तर जपून ठेवू. चांगल्या दिवशी वापरू."

मला भयंकर संताप आला. ह्या माणसाने सगळं जपून ठेवलं होतं. पत्रिका जपली, वॉरंटी जपली, रजासुद्धा जपून ठेवल्या आणि शेवटी वाया घालवल्या. मी बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या चौकोनात आजची तारीख घातली, इतक्या जोराने की कागद फाटायचाच राहिला. "चांगला दिवस हाच आहे," मी म्हटलं. बाईंनी शिक्का मारला. मग टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी माझा हात दाबला.

पुढची गाडी डोंगरात जाणारी होती. ह्यांना मी खिडकीशी बसवलं, म्हणजे समोर दिसत राहील आणि डोळे उघडे राहतील. "झोपायचं नाही," मी बजावलं.

"झोपतो कशाला? एवढ्या लांब झोपायला आलो का?"

गाडी हलली. पहिल्या वळणावर ह्यांची मान कलली. मी चिमटा काढला, सरळ झाली. बाहेर हिरवी उतरण, लाकडी घरं, पांढरं पाणी. "अहो, बघा!" "बघतोय," म्हणाले, डोळे मिटून. मी लिमलेटची गोळी दिली, ती गालात तशीच राहिली. थंड पाणी शिंपडलं. शेवटी हाताला धरून उभं केलं, तर उभ्याने झोपले. डब्यातली माणसं चोरून बघत होती. बाहेर आयुष्यात पाहिले नव्हते असे डोंगर आणि आत आमचे हे.

माझा धीर सुटला. त्यांना पुन्हा सीटवर टेकवलं आणि मी दाराजवळच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. तिथल्या काचेतून बर्फ अगदी हाताशी आलेला दिसत होता. मी रडले. बर्फ पाहून नाही, रागाने. एवढी एक गोष्ट मागितली होती या माणसाकडे. एक दिवस उरला होता, तोही गाडीने ह्यांना पाळण्यात घातल्यासारखं झोपवून वाया घालवला. मनात म्हटलं, उद्यापासून मी एकटी फिरणार, हे हॉटेलात टीव्ही बघू देत.

डोळे पुसून परत आले. हे ताठ बसून झोपले होते. घरी पलंगावर हात-पाय पसरून घोरणारा माणूस हा नव्हता. हात पोटावर नीट बांधलेले, पाय आत घेतलेले, कोणाला अडचण नको म्हणून खांदे आक्रसलेले. ही झोप मी कधीच पाहिली नव्हती. ती त्या पासवाल्यांच्या डब्यातल्या लोकांची होती, रोजची.

मी सीटजवळ उभी राहिले. माझी चाहूल लागली असावी. हे डोळे न उघडता खिडकीकडून अलीकडे सरकले, आणि मोकळी केलेली जागा तळव्याने झटकून साफ केली.

"नवीन पास का?" ह्यांनी झोपेतच विचारलं.

मला ह्यांना गदागदा हलवून उठवता आलं असतं. मी उठवलं नाही. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला, आणि माझी सगळी वर्षं कुठे गेली ते दिसल्यासारखं झालं.

"हो," मी म्हटलं. "आजच काढलाय."

"बसा मग. खिडकी घ्या."

मी ह्यांचे पाय ओलांडून आत गेले आणि बसले.